कोट बाहेर काढण्याइतकी थंडी

आमच्या कपाटात एक कोट राहतो. 'आहे' असं मी म्हणत नाही, कारण गेल्या काही वर्षांत त्याने जी जागा अडवली आहे ती पाहता तो आता पोटभाडेकरूच झाला आहे. गुडघ्यापर्यंत लांब, जाड लोकरीचा, कोळशाच्या रंगाचा, रुंद कॉलर आणि दोन रांगांत मोठाली बटणं. मिलानमधल्या एखाद्या सडपातळ गृहस्थाने कॉलर वर करून, तोंडातून वाफ सोडत, जुन्या दगडी रस्त्यावरून चालत जावं, यासाठी त्याचा जन्म झाला होता. पण नशिबाने त्याला ठाण्यात आणलं. इथे तोंडातून वाफ निघते ती कटिंग चहा फार गरम असला तरच.

कोट घेतला ऑक्टोबर २०२१ मध्ये. ऑक्टोबर हीट म्हणजे काय हे ज्याला माहीत नाही त्याने त्या महिन्यात दुपारी दोन वाजता ठाणे स्टेशनच्या पुलावर उभं राहावं. अंगाला चिकटलेला शर्ट सोडवायला आम्ही नवरा-बायको एका मॉलमध्ये शिरलो. खरेदीचा विचार नव्हता, फुकटचा गारवा घ्यायचा होता. दारातच काचेमागे चार पुतळे उभे. चौघांच्या गळ्यात मफलर, दोघांच्या हातात मोजे आणि पायाशी पांढराशुभ्र बर्फ. जवळ जाऊन पाहिलं तर तो कापूस होता. विदर्भात शेतकरी उन्हातान्हात बोंडं वेचतो, तेव्हा त्याच्या डोक्यात सुताचा, सरकीचा, भावाचा विचार असेल. आपला कापूस ठाण्यात बर्फाची भूमिका करणार आहे, हे त्याला सांगितलं तर तो काय म्हणेल कोण जाणे.

आत शिरलो आणि पुढचं सगळं विक्रेत्या पोराने केलं. "सर, विंटर कलेक्शन आलंय, बघून तर घ्या." अंगावर दुकानाचा पातळ टी-शर्ट, पण बोलण्यात हिमालय. यंदा कडाक्याची थंडी पडणार आहे असं बातम्यांत सांगितलंय, म्हणे ला निना आहे. दरवर्षी साधारण या सुमाराला कोणी ना कोणी कडाक्याची थंडी पडणार असल्याचं सांगतच असतं. प्रशांत महासागराचं पाणी थोडं गार झालं म्हणून मी घोडबंदर रोडवर कोट घालावा, हा तर्क तेव्हा मला पटला. का पटला ते नंतर कळलं. मॉलचा एसी अठरावर होता. ठाण्याच्या खऱ्याखुऱ्या हिवाळ्यातही दिवसा इतकं गार क्वचितच होतं. म्हणजे हा कोट घालण्यालायक शहरातली एकमेव जागा म्हणजे तो जिथे विकला जातो ते दुकान. आरशात पाहिलं तर मी चांगला दिसत होतो. निदान कोट चांगला दिसत होता आणि मी त्याच्या आत होतो.

"अहो, पण घालणार कुठे?" बायकोने विचारलं.

"पुण्याला जाऊ तेव्हा."

"पुण्याला माझा भाऊ डिसेंबरात हाफ पँटवर दूध आणायला जातो."

"तो मुळात पुणेकर आहे. थंडी वाजते हे कबूल केलं तर कमीपणा येईल त्याला."

यावर ती काही बोलली नाही. तिने फक्त किमतीची चिठ्ठी उलटी करून पाहिली आणि परत सुलटी ठेवली. वीस वर्षांच्या संसारात मी या हालचालीचा अर्थ शिकलो आहे, पण त्या दिवशी मला तो आठवला नाही.

नंतर चौकशी केल्यावर समजलं की कपड्यांच्या जगात ऋतू आपल्यासारखे येत नाहीत. पॅरिस आणि मिलानला येत्या हिवाळ्याचे कपडे फेब्रुवारी-मार्चमध्येच मंचावर चालून दाखवतात, कारण मागणी नोंदवायची, कापड विणायचं, शिवायचं, जहाजात भरायचं, यात सहा महिने जातात. आपल्या मुंबईतही फॅशन वीकचा 'विंटर-फेस्टिव्ह' सोहळा वर्षानुवर्षं ऑगस्टमध्ये झाला आहे. म्हणजे बाहेर श्रावण, रस्त्यात खड्डे, खड्ड्यांत पाणी, आणि आत मखमल, जरी आणि शाली. आपल्याकडे हेमंत मार्गशीर्षात सुरू होतो आणि शिशिर फाल्गुनात संपतो, असं पंचांग सांगतं. दुकानांच्या पंचांगात हेमंत श्रावणात सुरू होतो आणि संक्रांतीच्या आधी 'सेल'मध्ये संपतो. आपण तीळगूळ वाटत असतो तेव्हा त्यांच्या काचेत सुती चौकडीचे शर्ट आणि गॉगल आलेले असतात. काचेमागची सजावटही बहुधा एकाच ठिकाणी ठरते आणि देशभर पाठवली जाते. दिल्लीसाठी ती बरोबरच आहे. तिथे जानेवारीत पहाटे पाच-सहा अंश म्हणजे काही विशेष नाही. तोच पुतळा तोच मफलर घालून ठाण्यात उभा राहतो, आणि त्याला घाम येत नाही हा त्याचा मोठेपणा.

आमच्याकडच्या थंडीबद्दल मात्र मला गैरसमज पसरवायचा नाही. ती येते. एखाद्या पाहुण्यासारखी, कळवून आणि उशिरा. तिकडे उत्तरेत हिमालयात बर्फ पडला आणि वारा राजस्थान-गुजरातेवरून इकडे वळला, की रात्री गारवा उतरतो. सकाळी सोळा-सतरा अंश. नळाचं पाणी हाताला लागतं, खोबरेल तेल बाटलीत थिजतं आणि बाटली गॅसजवळ ठेवावी लागते. आमच्या घरात हिवाळ्याची अधिकृत घोषणा तेलाची बाटलीच करते. इडलीचं पीठ रात्रभर ठेवूनही फुगत नाही, ही दुसरी खूण. पण दुपारी समुद्रावरून वारा सुरू होईपर्यंत पारा तीस-बत्तीसवर गेलेला असतो. म्हणजे सकाळी आठला जो स्वेटर योग्य, तो अकराला खांद्यावर, एकला हातात आणि संध्याकाळी पाचला लोकलच्या रॅकवर विसरलेला. या हवेसाठी कपडे करायचे तर ते सोलता आले पाहिजेत, केळ्यासारखे.

वर्तमानपत्रांना मात्र हा सगळा मधला भाग दिसत नाही. पारा सतराला आला की 'मुंबईकरांना हुडहुडी', सोळाला आला की 'मुंबई गारठली'. सोबत एक फोटो महाबळेश्वरचा. वेण्णा तलावाच्या काठावर दवबिंदू गोठून पांढरे झाले आहेत आणि कोणीतरी ते तळहातावर घेऊन दाखवतो आहे. हा फोटो नसेल तर मराठी माणसाचा हिवाळा सुरू झाला असं मानता येत नाही. आणि दुसरी बातमी निफाडची. तिथे पारा खरोखरच खाली येतो. द्राक्षाच्या मण्यांना तडे जाऊ नयेत म्हणून बागायतदार रात्र-रात्र बागेत शेकोट्या पेटवून बसतात. ते वाचलं की आपण सतरा अंशांत चादरीखाली चादर घेऊन झोपलो याची थोडी लाज वाटते. थोडीच. हवामान खात्यालाही आमची नाजूक प्रकृती ठाऊक आहे. मैदानी भागात थंडीची लाट जाहीर करायला किमान तापमान दहा किंवा त्याखाली जावं लागतं. किनाऱ्यावरच्या गावांसाठी ही मर्यादा पंधरावर आणून ठेवली आहे. ते सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी खाली असायला हवं, ही अट आहेच, पण काही झालं तरी पाच अंशांची सूट आहे. आम्ही थंडीतही आरक्षित कोट्यातून प्रवेश घेतो.

शेजारच्या काकांना हे मान्य नाही. "थंडी पडायची ती बासष्ट साली," असं ते म्हणतात. २२ जानेवारी १९६२ ला सांताक्रूझला ७.४ अंश तापमान नोंदलं गेलं, हे खरं आहे, तो विक्रम अजून उभा आहे. काका तेव्हा पार्ल्यात राहायचे, दुसरीत होते. पण ते सांगतात अशा थाटात की जणू पारा त्यांनीच धरून खाली आणला. त्या दिवशी शाळेत बाईंनी सगळ्या मुलांना मैदानात उन्हात बसवलं होतं, असं ते म्हणतात. कधी म्हणतात उन्हात, कधी म्हणतात शेकोटीभोवती. साठ वर्षांत थंडी कमी झाली असेल, पण काकांची बासष्ट सालची थंडी दरवर्षी एकेक अंशाने वाढते आहे.

सोसायटीत सगळ्यात आधी हिवाळा लागतो तो आमच्या वॉचमनला. तो उत्तराखंडातला आहे. त्याच्या गावी घराच्या मागे बर्फ असतो. आणि नोव्हेंबरच्या मध्यावर, बावीस अंशांत, माकडटोपी चढवून खुर्चीत बसणारा पहिला माणूस तोच. मी एकदा विचारलं. तो म्हणाला, "साहेब, गावी थंडी असते, पण इथे रात्रभर बसून राहायचं असतं." त्यानंतर मी त्याच्या माकडटोपीबद्दल विनोद केलेला नाही.

त्याच्यासारख्यांसाठी खरी हिवाळी बाजारपेठ मॉलमध्ये नसतेच. ती फुटपाथवर असते. दिवाळी झाली की तिबेटी स्वेटरवाले येतात, बांबू रोवतात, दोऱ्या ताणतात आणि रंगांचा बाजार उभा करतात. माझ्या लहानपणी मला वाटायचं की हे सगळं तिबेटहून याकच्या पाठीवरून येतं. माल येतो लुधियान्याहून. १९५९ नंतर जे लोक आपलं घर सोडून हिमालय ओलांडून आले, त्यांच्या पुढच्या पिढ्या पंजाबातला स्वेटर आणून कोकणपट्टीतल्या माणसाला विकतात, आणि तो माणूस घासाघीस करताना "खरी लोकर आहे ना?" असं त्यांनाच विचारतो. पण त्या बायका गिऱ्हाइकाला पुतळ्यासारखं बर्फात उभं करत नाहीत. "इथल्यासाठी हा पुरे," असं म्हणून पातळ स्वेटरच पुढे करतात. माझ्या बायकोचा बदामी स्वेटर त्यांच्याकडचा, बारा वर्षांपूर्वीचा. दरवर्षी वापरात आहे. मी हे फक्त नोंदवून ठेवतो.

तर कोट. नोव्हेंबर गेला. मी रोज सकाळी खिडकीतून हात बाहेर काढून पाहायचो. कोट हँगरवर, डांबराच्या गोळ्यांच्या वासात, वाट पाहत. १ डिसेंबरला एका मित्राच्या मुलीचं रिसेप्शन होतं, मोकळ्या लॉनवर. आणि त्या दिवशी खरोखरच गारठा आला. दुपारीसुद्धा अंगावर काटा, पंखे बंद, कॉलेजात जाणारी पोरं हात बगलेत घालून चाललेली. फक्त हा गारठा उत्तरेकडून आला नव्हता. तो अरबी समुद्रावरून आला होता आणि त्याच्यासोबत पाऊस होता. आषाढातला असावा तसा, दिवसभर, सरळ आणि गंभीर. डिसेंबरात मुंबई-ठाण्यात पाऊस पडू नये असा काही नियम नाही. चारच वर्षांपूर्वी, २०१७ च्या डिसेंबरात, ओखी चक्रीवादळाने अशीच शाळांना सुट्टी द्यायला लावली होती आणि महापरिनिर्वाण दिनासाठी शिवाजी पार्कवर आलेल्या लोकांना शाळांमधून आसरा द्यावा लागला होता. ओखी म्हणजे बंगालीत डोळा. त्या डोळ्यातलं पाणी आम्ही भर हिवाळ्यात पाहिलं होतं. पण माणूस कोट विकत घेतो तेव्हा चार वर्षांपूर्वीचं आठवत नाही.

"रेनकोट घाला," बायको म्हणाली.

"थंडी आहे. आज कोटाचा दिवस आहे."

"पाऊस आहे."

"छत्री आहे."

अशा संवादात शेवटी कोण बरोबर ठरतं हे मराठी घरांत सांगायला लागत नाही. सोसायटीच्या फाटकापासून रिक्षापर्यंत छत्रीने डोकं वाचवलं, कोट मात्र गुडघ्यापर्यंत लांब. रिक्षाला एका बाजूने पडदा नव्हता. लॉनवर मंडपाच्या कापडात पाणी साठून त्याची पोटं सुटली होती, आणि केटररची पोरं बांबूने ती पोटं वर ढकलत होती. त्यातलं एक पोट माझ्याशेजारी रिकामं झालं.

लोकर ही मोठी सोशिक वस्तू आहे. आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्श्याइतकी ओल ती पोटात घेते आणि हाताला ओलं लागू देत नाही. त्यानंतर मात्र ती मनावर घेते. जेवणाच्या रांगेत उभा असताना कोट माझ्या खांद्यांना खाली ओढू लागला, जणू कोणी दोन पिशव्या गहू दळणाला दिले आहेत. आणि मग वास आला. मिलान, पॅरिस, मॉल, सेल, सगळं धुऊन निघालं आणि आतली मेंढी बाहेर आली. शेजारचे गृहस्थ आधी आपल्या ताटाकडे, मग माझ्याकडे पाहू लागले. मास्कचे दिवस होते, पण जेवताना मास्क काढावाच लागतो. नवऱ्या मुलीच्या काकांनी मला प्रेमाने पंख्याजवळ नेऊन बसवलं. गारठ्याच्या दिवशी, ओल्या कोटात, पंख्याखाली. मी गुलाबजाम खाऊन निघालो.

दोन दिवसांनी पेपरात बातमी होती, आतल्या पानावर. त्याच पावसात आणि त्याच गारठ्यात जुन्नर, आंबेगाव, पारनेरकडे शेकडो मेंढ्या दगावल्या होत्या. उघड्या माळावर, भिजलेल्या लोकरीसकट, रात्रभर. ज्यांच्या अंगावर ती जन्मतःच होती त्यांनाही ती पुरली नव्हती. फोटोत एक मेंढपाळ बसला होता, डोक्यावरून घोंगडीची खोळ घेऊन. मी पेपर घडी करून ठेवला आणि गॅलरीत वाळत घातलेल्या कोटाबद्दल त्या दिवशी कुरकुर केली नाही.

ती घोंगडी मात्र डोक्यात राहिली. आजोबांकडे गावी एक होती. दख्खनी मेंढीच्या राठ लोकरीची, चिंचोक्याची खळ लावून ताठ केलेली, इतकी खरखरीत की पांघरली तर झोप येण्याऐवजी जाग यायची. पण पावसात तिची खोळ करून आजोबा शेतावर जायचे आणि पाणी तिच्यावरून ओघळून जायचं. रात्री तीच अंथरूण, तीच पांघरूण, देवळात बसायला तीच बैठक, धान्य वाळवायला तीच. पाऊसही हवा आणि थंडीही हवी असलेल्या या आपल्या विचित्र हिवाळ्यासाठी जो कपडा लागतो, तो इथे केव्हाच तयार झालेला आहे. फक्त तो कुठल्याही काचेमागे, कापसाच्या बर्फात उभा नाही. कोल्हापूरकडे पट्टणकोडोलीला तो अजून विणला जातो. मी बायकोला म्हणालो, एक घोंगडी आणूया का? तिने माझ्याकडे पाहिलं. किमतीची चिठ्ठी नव्हती, तरी तीच हालचाल झाली.

कोट ड्रायक्लीनवाल्याकडे गेला. त्याने तो दोन बोटांत धरून वर उचलला आणि विचारलं, "साहेब, परदेशात होता का?" मी हो म्हणालो. आठवड्याने परत आणला तेव्हा बाहेर तेहतीस अंश होतं, रस्त्यात सगळे अर्ध्या बाह्यांत, आणि मी पाच किलोंचं प्लॅस्टिकमधलं पार्सल उराशी धरून चाललेलो. त्यानंतर प्रत्येक डिसेंबरात मी त्याला एकदा बाहेर काढतो, झटकतो, खिशात हात घालून आरशासमोर उभा राहतो, आणि घाम यायच्या आत परत ठेवतो. एका खिशात अजून त्या रिसेप्शनमधला कागदी रुमाल आहे, वाळून चिंचोक्यासारखा झालेला.

परवा मात्र रात्री तेल थिजलं. बायकोने इडलीचं पीठ वाटलं होतं, दुसऱ्या दिवशी माझा मेहुणा येणार होता, तोच, हाफ पँटवाला. ती पातेलं घेऊन घरभर फिरली. मायक्रोवेव्ह लहान, गॅसजवळ जागा तेलाच्या बाटलीने घेतलेली. मी झोपायला गेलो. सकाळी स्वयंपाकघरात आलो तर ओट्याच्या कोपऱ्यात माझा कोट उभा होता. कॉलर वर, दोन्ही बाह्या पोटावर गुंडाळलेल्या, सगळी बटणं लावलेली. तिने वरचं एक बटण काढून झाकण उचललं. पीठ काठापर्यंत आलं होतं.

"बघा," ती म्हणाली, "किती छान बसलाय."